डेटा कार्ड लिनक्सवर चालत नाही, तेव्हा आधी ते कुठे अडलंय ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात तुम्ही शिक्षक आहात. शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर तुम्ही लिनक्स मिंट टाकलंत. कपाटात 2012 साली घेतलेलं हुवावेचं 3जी डेटा कार्ड पडून होतं, त्यात जिओचं सिम घातलंत. कार्ड लावलं की पडद्यावर सीडीचं चित्र येतं, पण नेटवर्कच्या यादीत मोबाइल ब्रॉडबँड येत नाही. एकदोनदा आलं, तेव्हाही जोडणी लागता लागता तुटली. मग एका जुन्या लेखातली डब्ल्यूव्हीडायलची (कार्डावरून नेट डायल करणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमची) फाइल जशीच्या तशी उतरवून पाहिलीत, तर 'नो कॅरिअर' एवढंच उत्तर आलं. आता तुम्ही विचारताय, की याचा लिनक्सचा ड्रायव्हर कुठून आणू, आणि जर्मनीतला चुलतभाऊ येताना 4जी डोंगल आणतो म्हणतोय ते आणायला सांगू का?

ड्रायव्हर कुठून आणायची गरज नाही. तुमच्या कार्डाला लागणारा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे, त्याचं नाव 'ऑप्शन'. तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या अडचणी एकाच वेळी आल्यात, म्हणून गोंधळ झालाय. एक अडचण कार्डाच्या सीडीवाल्या सोंगाची आहे आणि ती सुटते. दुसरी सिमची आहे, आणि ती या कार्डात सुटणार नाही.

दुसरीबद्दल आधी सांगतो, म्हणजे तुमच्या आणखी रात्री जायच्या नाहीत. जिओचं जाळं 2016 मध्ये सुरू झालं ते थेट 4जीवर. जिओला 2जी नाही, 3जी नाही. तुमच्या कार्डाला फक्त 2जी आणि 3जी कळतं. त्यामुळे समोरच्या डोंगरावर जिओचा टॉवर डोळ्यांना दिसत असला तरी या कार्डाच्या लेखी तो नाहीच. विंडोजवर लावलंत तरी हेच होईल. 'नो कॅरिअर' आलं ते यामुळेच. तुमच्या फाइलमध्ये काही चूक असलीच, तरी ती सुधारून हे उत्तर बदललं नसतं.

कार्डाच्या मागच्या स्टिकरवर मॉडेल बघा. ई173, ई1550, ई303, ई3131 यांपैकी काहीही असेल तर ते 3जीचं. एअरटेलने देशभर 3जी बंद करून त्या लहरी 4जीला दिल्या, व्हीआयनेही बऱ्याच ठिकाणी तेच केलं. म्हणजे असं कार्ड आज बहुतेक गावांत फार तर 2जीवर, एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलच्या सिमने चालेल. त्या वेगात वर्गात व्हिडिओ दाखवता येणार नाही. पण तपासणीसाठी हे कार्ड फार कामाचं आहे. घरात एअरटेल किंवा बीएसएनएलचं सिम असेल तर तासाभरासाठी त्यात घाला. त्या सिमवर टॉवर पकडला, तर लॅपटॉपची बाजू ठीक आहे हे पक्कं झालं आणि राहिला तो फक्त सिम आणि कार्डाचा मेळ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची ही सवय मला या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडलीय.

मी सीडीएमए या जुन्या मोबाइल पद्धतीच्या कार्डांपासून हे काम करतोय. तेव्हा #777 डायल करावं लागायचं, आता ती सगळी जाळी बंद झाली. शाळा, वाचनालयं, पतसंस्था, जिथे केबल पोचत नाही अशा ठिकाणी लिनक्सची यंत्रं लावून द्यायची हे माझं काम. त्यातून एक पक्कं झालंय. 'कार्ड चालत नाही' हे एकच वाक्य चार निरनिराळ्या दुखण्यांसाठी वापरलं जातं. कार्ड यूएसबीवर नीट दिसतच नाही, किंवा दिसतं पण मोडेम म्हणून उभं राहत नाही, किंवा मोडेम उभा राहतो पण टॉवरवर नोंद होत नाही, किंवा नोंद होते आणि तरी डेटा वाहत नाही. या चार पायऱ्या याच क्रमाने येतात. खालची पायरी पक्की नसताना वरच्या पायरीवर कितीही कमांड मारल्या तरी उपयोग शून्य. तुम्ही डब्ल्यूव्हीडायलची फाइल लिहिलीत ती चौथ्या पायरीची गोष्ट होती, आणि तुमचं कार्ड कधी दुसऱ्या, कधी तिसऱ्या पायरीवर अडलेलं होतं.

पुढे कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये (कमांड टाकायच्या खिडकीत) त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाकायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे वेगळं सांगेन. 12डी1 सारख्या क्रमांकातला 'डी'ही रोमनच.

आता ते सीडीचं सोंग. कंपन्यांनी ही कार्डं विंडोज डोळ्यांसमोर ठेवून बनवली. सोबत वेगळी सीडी द्यायला नको म्हणून कार्डाच्या पोटातच विंडोजचं सॉफ्टवेअर भरलं. कार्ड लावलं की ते आधी सीडी म्हणून पुढे येतं, विंडोज त्यातलं सॉफ्टवेअर चढवतं, आणि मग ते सॉफ्टवेअर कार्डाला एक ठरलेला संदेश पाठवतं. तो मिळाला की कार्ड क्षणभर यूएसबीवरून गायब होतं आणि मोडेम होऊन परत येतं. लिनक्सवर हा संदेश पाठवण्याचं काम यूएसबी-मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. कुठल्या कार्डाला कुठला संदेश द्यायचा याची यादी त्याच्या सोबतच्या डेटाच्या पॅकेजमध्ये असते. मिंट आणि उबुंटूमध्ये दोन्ही सहसा आधीच असतात, पण जुन्या किंवा हलक्या आवृत्तीत एखादं राहून जातं. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये यूएसबी मोडस्विच शोधून खात्री करा.

इथे तुम्ही म्हणाल, नेटच नाही तर पॅकेज उतरवू कसं? फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो साध्या वायरच्या नेटवर्कसारखा दिसतो, वेगळं काही करावं लागत नाही. महिन्यातून दोनचार वेळाच नेट लागणार असेल तर मी तर म्हणेन एवढ्यावरच भागवा. रोज तीनचार तास लागणार असेल तर मात्र फोन सतत चार्जिंगला राहतो, तापतो आणि बॅटरी फुगू शकते. वर्गातल्या रोजच्या कामाला वेगळं उपकरण हवं, आणि त्याची बॅटरी नसलेलीच बरी.

कार्ड सोंगात आहे की मोडेम झालंय, हे बघायला टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी टाका. हुवावेच्या ओळीत 12डी1 आणि त्यापुढे विसर्गचिन्ह देऊन चार अंकी क्रमांक दिसेल. पहिला भाग कंपनीचा, दुसरा त्या वेळच्या रूपाचा. 1446 दिसला तर कार्ड अजून सीडी आहे. 1001 किंवा 1436 झाला तर मोडेम झालं. झेडटीईच्या कार्डांत कंपनीचा क्रमांक 19डी2 असतो आणि 2000 चा 0031 होताना मी पुष्कळदा पाहिलाय. कार्ड लावल्यावर पाच सेकंदांनी एकदा आणि वीस सेकंदांनी एकदा ही कमांड मारा. दोन्ही वेळचे आकडे कागदावर लिहून ठेवा. बदलले नाहीत तर दुसरी पायरी अडलीय.

अडली असेल तर आधी सोपे उपाय. कार्ड काढा, दहा सेकंद थांबा, लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा. लॅपटॉप सुरू होताना किंवा झोपेतून उठताना कार्ड आधीच लावलेलं असेल तर कधीकधी तो संदेश चुकतो, म्हणून डेस्कटॉप पूर्ण उघडल्यावरच लावा. काही कार्डं, विशेषतः झेडटीईची, सीडीच्या चित्रावर उजवं बटण दाबून 'इजेक्ट' केलं की आपोआप मोडेम होतात. यानेही झालं नाही तर हाताने संदेश द्यायचा: सुडो, जागा, यूएसबी अंडरस्कोर मोडस्विच, मग उणे व्ही आणि 12डी1, उणे पी आणि 1446, शेवटी उणे चिन्हाला जोडून मोठा जे. हा जे नव्या हुवावे कार्डांचा संदेश. जुन्यांना त्या जागी मोठा एच लागतो. दोन्ही करून बघायला धोका नाही.

मोडेम उभा राहिला की सुडो डीमेसेज (रोमनमध्ये डी, एम, ई, एस, जी एवढीच अक्षरं) मारल्यावर शेवटच्या ओळींत जीएसएम मोडेम जोडला गेल्याचं आणि टीटीवाययूएसबी0, 1, 2 अशी नावं दिसतात. एका कार्डाला तीन पोर्ट कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. एकातून डेटा जातो, एकातून कार्डाची स्थिती कळते, एक कंपनीच्या तपासणीचा. जुन्या लेखांत 'टीटीवाययूएसबी0 लिहा' असं ठोकून सांगितलेलं असतं, आणि तुमच्या कार्डात डेटाचा पोर्ट 2 असेल तर त्यावर उत्तरच येत नाही. मोडेम-मॅनेजर नावाची सेवा हे तिन्ही पोर्ट स्वतः चाचपून बघते आणि योग्य तो निवडते, म्हणून तिच्यावर सोपवणं चांगलं. ती सेवा चालू असताना डब्ल्यूव्हीडायलही चालवलं तर दोघं एकाच पोर्टसाठी भांडतात आणि जोडणी मधेच तुटते. त्यामुळे ती फाइल बाजूला ठेवा. डब्ल्यूव्हीडायल वाईट होतं असं मुळीच नाही. त्याच्या जिवावर आम्ही कितीतरी वर्षं काढली. पण आज डेस्कटॉपवर त्याची गरज उरलेली नाही.

इथे एक मोठी फसगत होते, ती नवं 4जी डोंगल घेतलंत की तुमचीही होईल. सगळी कार्डं मोडेम म्हणून दिसत नाहीत. काही नव्या कार्डांत टीटीवाययूएसबीच्या जागी सीडीसी-डब्ल्यूडीएम0 नावाचा पोर्ट आणि डब्ल्यूडब्ल्यूएएन0 नावाचं नेटवर्क येतं. तेही मोडेम-मॅनेजरच सांभाळतो, तुम्हाला फरक जाणवत नाही. तिसरा प्रकार मात्र वेगळाच. हुवावे त्याला हायलिंक म्हणते. हे डोंगल म्हणजे बोटाएवढा राउटरच असतो. टॉवरशी बोलणं, सिम सांभाळणं, एपीएन (ते काय ते खाली सांगतो), सगळं त्याच्या आत, आणि लॅपटॉपला ते स्वतःला साधं वायरचं नेटवर्क म्हणून दाखवतं. पाटण तालुक्यातल्या एका वाचनालयाने असं डोंगल घेतलं. तिथल्या ग्रंथपाल बाईंचा दोन दिवस फोन, की मोबाइल ब्रॉडबँड यादीत येतच नाही. मी गेलो, ब्राउझर उघडला, तर नेट चालू होतं. त्यांनी ब्राउझर उघडूनच पाहिला नव्हता, कारण यादीत हवं ते नाव दिसत नव्हतं. असं डोंगल असेल तर ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी 192.168.8.1 टाका, डोंगलचं स्वतःचं पान उघडतं. एपीएन, सिमचा पिन, रेंज, सगळं तिथेच. एलएसयूएसबीमध्ये हुवावेच्या अशा डोंगलचा क्रमांक 12डी1 पुढे 14डीसी दिसतो. जिओफायसारखं खिशातलं उपकरण यूएसबीने जोडलं तरी असंच वायरचं नेटवर्क दिसतं.

मला विचाराल तर शाळेसाठी मी हायलिंकसारखंच डोंगल निवडेन. उद्या तुमची बदली झाली आणि लॅपटॉप दुसऱ्या बाईंच्या हातात गेला, तर त्यांना काहीही शिकवावं लागणार नाही. मोडेम प्रकारातलं कार्ड मी तिथेच लावतो जिथे मला दुरून हवा तसा ताबा पाहिजे, म्हणजे एसएमएस पाठवायचे आहेत किंवा रेंजची नोंद ठेवायची आहे.

तिसरी पायरी टॉवरची. मोडेम प्रकारातल्या कार्डासाठी एमएमसीएलआय, जागा, उणे चिन्हाला जोडून मोठा एल, असं टाका. मोडेमचा क्रमांक मिळेल, समजा 0. मग एमएमसीएलआय, उणे एम, 0. हा क्रमांक कार्ड काढून लावलं की बदलतो, म्हणून दर वेळी आधी मोठ्या एलवाली कमांड. भलीमोठी यादी येते, त्यातली 'स्टेट'ची ओळ वाचा. 'लॉक्ड' म्हणजे सिमला पिन आहे. तो चुकवत बसू नका, तीन चुकांनंतर पीयूके, म्हणजे सिमचं कुलूप उघडणारा कंपनीकडचा क्रमांक मागतो. सिम आधी फोनमध्ये घालून पिन काढून टाका. 'सर्चिंग' बराच वेळ राहिलं तर टॉवर सापडत नाही, आणि जिओचं सिम असलेल्या 3जी कार्डात हेच दिसेल. 'रजिस्टर्ड' म्हणजे टॉवरने ओळखलं, आता फक्त डेटाची जोडणी राहिली.

'फेल्ड' आणि सोबत सिम नसल्याचं कारण दिसलं, आणि सिम तर आत आहे, तर ॲडॉप्टरकडे बघा. जुन्या कार्डांना मोठं सिम लागायचं, आता मिळतं ते नखाएवढं नॅनो, म्हणून आपण प्लास्टिकच्या चौकटीत बसवून घालतो. एका शाळेत मी अर्धा शनिवार याच्यात घालवला. सिम फोनमध्ये चाले, कार्डात दिसत नसे. शेवटी कार्ड उघडून भिंगातून पाहिलं. चौकटीला मागून आधार नव्हता, सिम आत सरकवताना केसभर खाली दबत होतं आणि सोनेरी पट्टीला आतल्या सहा पिनांपैकी दोनच टेकत होत्या. चौकटीच्या मागे पारदर्शक चिकटपट्टीचा एक थर लावला आणि पुढच्या मिनिटाला मोडेमला सिम दिसलं. ॲडॉप्टर बाहेर काढताना मात्र सावकाश. रिकामी चौकट ओढली तर तिच्या कडेत पिना अडकून वाकतात आणि कार्ड कायमचं जातं.

रेंजबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण कोकणात खरा कस इथे लागतो. जांभ्याची जाड भिंत आणि वर पत्रा असेल तर घरात आणि ओसरीवर जमीनअस्मानाचा फरक पडतो. जुन्या कार्डांना एटी+सीएसक्यू (मोडेमला थेट द्यायची कमांड) असं विचारलं की 0 ते 31 मधला आकडा मिळतो, 99 आलं तर माहीत नाही असा अर्थ. आकडा दुपटीने घ्या आणि त्यातून 113 वजा करा, म्हणजे डेसिबलच्या मापात रेंज मिळते. एका वाचनालयात टेबलाशी 7 यायचा, म्हणजे उणे 99. दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेतली, कार्ड खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलं, टॉवर ज्या खिंडीतून दिसतो त्या बाजूला, आणि आकडा 15 झाला, म्हणजे उणे 83. सोळा डेसिबलचा फरक म्हणजे सिग्नलची ताकद सुमारे चाळीस पट. याला केबलचेच काय ते पैसे लागले. महागडा अँटेना विकत घेण्याआधी हे करून बघाच. 4जी कार्डावर सीएसक्यूपेक्षा टॉवरच्या सिग्नलची ताकद सांगणारा आरएसआरपी आणि गोंगाटाचं प्रमाण सांगणारा एसआयएनआर हे आकडे जास्त खरे. दांड्या भरलेल्या दिसतात आणि एसआयएनआर शून्याखाली असतो, तेव्हा वेग मिळत नाही. कार्ड हातभर इकडेतिकडे सरकवून एसआयएनआर कुठे वाढतो ते बघायचं. पावसाळ्यात हा आकडा पुन्हा एकदा तपासा, समोरची झाडी दाट होते.

केबल मात्र जाड तारेची घ्या आणि फार लांब नको. टॉवर लांब असला की कार्ड जोरात ओरडतं, म्हणजे जास्त वीज खेचतं. यूएसबी 2चा पोर्ट नियमाने 500 मिलीअँपिअर देतो. बारीक, लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि नेमकं डाउनलोड सुरू झालं की कार्ड बंद पडून पुन्हा सुरू होतं. लोक याला 'नेट सारखं जातं' म्हणतात आणि कंपनीला शिव्या घालतात. डीमेसेजमध्ये त्या वेळेला यूएसबी डिस्कनेक्टची ओळ असेल तर दोष विजेचा आहे, कंपनीचा नाही. डेस्कटॉपला मागचा पोर्ट वापरा, रास्पबेरी पायसारख्या छोट्या यंत्राला स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब द्या.

चौथी पायरी त्या मानाने सोपी. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये नवी मोबाइल ब्रॉडबँड जोडणी करताना देश आणि कंपनी विचारतात. तिथल्या यादीवर फार विसंबू नका, कंपन्यांची नावं आणि योजना बदलत गेल्यात. एपीएन हाताने लिहा: जिओला जिओनेट, एअरटेलला एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, बीएसएनएलला बीएसएनएलनेट, व्हीआयला तीनदा डब्ल्यू. सगळं रोमन लहान अक्षरांत, मधे जागा नाही. युजरनेम आणि पासवर्ड रिकामे सोडा, नंबर विचारलाच तर *99#. एपीएन म्हणजे कंपनीच्या कुठल्या दारातून आत जायचं याचं नाव. ते चुकलं तर टॉवर ओळखतो, रेंज भरपूर दिसते, आणि जोडणी मात्र लागत नाही.

जोडणी लागली आणि तरी पानं उघडत नाहीत, तर तपासताना वायफाय बंद ठेवा. लिनक्स कुठल्या वाटेने नेट घ्यायचं ते एका आकड्यावरून ठरवतं, लहान आकडा पुढे. वायरला 100, वायफायला 600, मोबाइल ब्रॉडबँडला 700. म्हणजे शाळेचं वायफाय जोडलेलं राहिलं तर मोडेम लागूनही वाहतूक वायफायकडेच जाते, आणि हायलिंक डोंगल मात्र वायर म्हणून वायफायच्या पुढे उभं राहतं. यानंतर पिंग करून 8.8.8.8 ला उत्तर येतं का बघा. आकड्याला येतं आणि नावाला येत नाही, तर डीएनएसचा (नावावरून आकडी पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) घोळ, जोडणीच्या सेटिंगमध्ये डीएनएस हाताने द्या. काही संकेतस्थळं उघडतात आणि काही अर्धवट अडकतात, तर एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) 1400 करून पाहा, मोबाइलच्या जाळ्यात हा त्रास येतो.

आणि एक गोष्ट नक्की करा, कारण शाळेत याने रोज तक्रारी येतात. त्या जोडणीला 'मीटर्ड', म्हणजे डेटा मोजका आहे, अशी खूण करा: एनएमसीएलआय, मग कनेक्शन मॉडिफाय, जोडणीचं नाव, कनेक्शन टिंब मीटर्ड, यस. त्याबरोबर मिंटच्या अपडेट मॅनेजरमधलं आपोआप अपडेट बंद करा, फ्लॅटपॅकचं (वेगळ्या गठ्ठ्यात येणाऱ्या ॲप्सचं) सुद्धा. रोजचा दीड जीबीचा पॅक एका कर्नेल अपडेटने आणि दोन फ्लॅटपॅकने सकाळी दहालाच संपतो, आणि मुलं बसतात तेव्हा पडद्यावर चाक फिरत राहतं. अपडेट रविवारी, हाताने.

आता चुलतभावाचं डोंगल. मॉडेलच्या नावाआधी त्यापुढचे आकडे विचारा. एकाच नावाखाली हुवावे वेगवेगळ्या खंडांसाठी वेगळ्या लहरींचं डोंगल विकते. ई3372एच-153 हे युरोपचं रूप 800, 900, 1800, 2100 आणि 2600 मेगाहर्ट्झवर 4जी चालवतं. जिओची 4जी मुख्यतः 850, 1800 आणि 2300 वर आहे. म्हणजे या डोंगलला जिओचा 1800 तेवढा दिसेल. आणि डोंगराळ भागात लांब पोचणारा असतो तो 850, तोच त्याला दिसणार नाही. एअरटेलचं सिम घातलंत तर 900, 1800 आणि 2100 मिळतील, तिथे ते बरं चालेल. बीएसएनएलची 4जी 700 आणि 2100 वर आहे, त्यातला 700 या डोंगलला कळत नाही. म्हणून तिकडून आणायचं असेल तर आधी तुमच्या गावात कुठल्या कंपनीचा टॉवर कुठल्या लहरीवर आहे ते बघा. अँड्रॉइड फोनवर बँड दाखवणारी मोफत ॲप्स मिळतात. वर्गात, जिथे लॅपटॉप असणार तिथे उभं राहून बघायचं, रस्त्यावर नको. बँड 5 म्हणजे 850, बँड 8 म्हणजे 900, बँड 3 म्हणजे 1800, बँड 40 म्हणजे 2300, बँड 28 म्हणजे 700. जिओवर बँड 5 एकटाच दिसला तर युरोपचं डोंगल नको, इथलंच घ्या. आणि कुठूनही घ्या, कंपनीने स्वतःच्या सिमपुरतं कुलूपबंद केलेलं नको, दुकानातच दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघा.

तर आज जुनं कार्ड लावून एवढं करा. एलएसयूएसबीचे दोन्ही वेळचे आकडे, एअरटेल किंवा बीएसएनएलच्या सिमसह एमएमसीएलआयची 'स्टेट'ची ओळ, आणि वर्गात उभं राहून फोनवर दिसलेले बँड, प्रत्येक कंपनीचे वेगळे. हे तीन तपशील इथे लिहा. सिमचा नंबर किंवा कार्डाचा आयएमईआय (ओळख क्रमांक) मात्र लिहू नका, कमांडच्या उत्तरात तो येतो, तेवढा खोडून टाका. त्यावरून कुठलं डोंगल तुमच्या वर्गात चालेल ते मी नेमकं सांगू शकेन.